मिस्त्रींची सुई

नक्षीबाईनं सोमवारी सकाळी, अजून कुणी रंधाही हातात घेतला नव्हता तेव्हाच, सगळ्यांना एकत्र बोलावून सांगून टाकलं. "मला हिपॅटायटिस बी आहे. लिव्हरचा आजार. रक्तातून पसरतो. हात लावल्यानं, शेजारी बसल्यानं, एका कपातून चहा प्यायल्यानं पसरत नाही. कुणाला काही विचारायचं असेल तर आत्ता तोंडावर विचारा, पाठीमागं कुजबुजायचं नाही."

कुणीच काही विचारलं नाही. सगळे पाठीमागं कुजबुजले.

नक्षीबाई म्हणजे त्या फर्निचरच्या कारखान्यात कोरीवकाम करणारी एकुलती एक बाई. वय छत्तीस, मनगट सुताराचं आणि जीभ कात्रीची. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं. पंधरा वर्षं ती त्याच टेबलावर, त्याच खिडकीपाशी काम करत होती. कारखाना काही फार मोठा नव्हता. पुढं मालकांची काचेची खोली, मध्ये सुतारांची टेबलं, डावीकडे गादीवाल्याचा कापसानं भरलेला कोपरा आणि मागं पॉलिशवाल्याची खोली, जिथं नवख्या माणसाचं डोकं वासानंच गरगरायचं. सगळी मिळून सात माणसं आणि त्या सातांवर मिस्त्री. पगार मालक द्यायचे, पण कारखाना चालायचा मिस्त्रींच्या शब्दावर. मिस्त्री 'हूं' म्हणाले की काम पास, आणि 'हं' म्हणाले की रात्रीची झोप गेलीच समजा.

रोग कळला तो रक्तदानातून. मुलाच्या शाळेत रक्तदान शिबिर होतं. ही आपली मोठ्या उत्साहानं गेली, बाटलीभर रक्त देऊन, बिस्किट खाऊन, छाती पुढं काढून घरी आली. दोन आठवड्यांनी दवाखान्यातून फोन, येऊन भेटा म्हणून. मग पुन्हा रक्त, पुन्हा तपासण्या, पोटाची सोनोग्राफी. शेवटी डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून समजावलं. विषाणू रक्तात आहे, बरीच वर्षं असावा. लिव्हर सध्या ठीक आहे, त्यामुळे लगेच औषधाची गरज नाही, पण तपासण्या चुकवायच्या नाहीत. गरज पडली तर रोजची एक गोळी असते, ती विषाणूला दाबून ठेवते. मुळासकट काढत नाही, पण दाबून ठेवते, आणि तेवढ्यावर माणसं म्हातारी होतात, नातवंडं खेळवतात. दारू बंद. जडीबुटीवाल्याकडं जाणं बंद.

"आला कुठून?" तिनं विचारलं.

"बऱ्याचदा जन्माच्या वेळी आईकडून येतो. नाहीतर रक्तातून, न उकळलेल्या सुईतून, दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून. नाहीतर शरीरसंबंधातून. तुमची आई आहे?"

आई नव्हती. चव्वेचाळिसाव्या वर्षी पोट फुगून गेली होती. कावीळ झाली, अंगात उतरली, असं सगळे म्हणाले होते. कसली तरी मुळी उगाळून पाजत होते आणि बाहेर बसून नशिबाला बोल लावत होते. नक्षीबाईला खुर्चीत बसल्या बसल्या असा राग आला की तिला डॉक्टरीणबाईंचं टेबल उलटं करावंसं वाटलं. राग डॉक्टरीणबाईंवर नव्हता. पण माणूस मेल्यावर वीस वर्षांनी त्याच्या आजाराचं नाव कळावं, याला काय म्हणायचं?

नवऱ्याची तपासणी झाली, स्वच्छ निघाली. त्याला लशीचा पहिला डोस टोचला तर गडी दोन दिवस दंड धरून हिंडत होता. "अजून दोन आहेत," असं म्हटलं की लगेच विषय बदलायचा. मुलाला बाळपणीच लस दिलेली होती, तरी त्याचीही तपासणी करून घेतली. घरापुरतं सगळं मार्गी लागलं.

"कारखान्यात मात्र बोलू नकोस," नवरा म्हणाला. "लोक कसे असतात तुला ठाऊक आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

झाकलीही असती तिनं. पण डॉक्टरीणबाईंनी उठता उठता सहज विचारलं होतं, "कामात हाताला लागतं का हो? रक्त येतं का?" आणि तिनंही सहज सांगितलं होतं, मिस्त्रींच्या सुईबद्दल. ऐकता ऐकता डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं होतं.

आता ही सुई काय भानगड, तर ऐका. लाकडात हात घालणाऱ्याच्या बोटात कुसळ जाणारच. ती काढायला मिस्त्रींकडं एक सुई होती, खिडकीच्या चौकटीत खोचून ठेवलेली. चारचा चहा झाला की मिस्त्री कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे आणि म्हणायचे, "चला, कुणाचं काय?" मग खिडकीच्या उजेडात एकेकाचं बोट हातात घ्यायचे. हात इतका हलका की विचारू नका. गादीवाला अंगानं रेड्यासारखा आणि सुई दिसली की डोळे मिटणारा. त्याला ते विचारायचे, "सासू गेली का परत?" तो तावातावानं सांगायला लागेपर्यंत कुसळ बाहेर. रक्ताचा थेंब आला तर बोटाला फडकं आणि सुई ॲप्रनला पुसून पुढच्या बोटात. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. एकाचंही बोट कधी पिकलं नाही, हा मिस्त्रींचा अभिमान. नक्षीबाई एकविसाव्या वर्षी कामाला लागली तेव्हा पहिल्या दिवशी तिच्या अंगठ्यात शिसवाची ही एवढी फास गेली होती. डोळ्यांतून पाणी आलं होतं तिच्या. मिस्त्रींनी ती काढली आणि म्हणाले, "झालं पोरी, आता तू आमची." त्या एका वाक्यावर ती पंधरा वर्षं टिकली होती.

म्हणून तर सोमवारी सगळ्यांसमोर सुईचं नाव काढायला तिची जीभ रेटली नाही. मिस्त्रींना चारचौघांत काय म्हणायचं? दुपारी त्यांना एकटं गाठून हळूच सांगितलं. ते हसले. "अगं, दरवेळी पुसतो मी. आणि तू आता माझ्याकडून काढून घेऊ नकोस म्हणजे झालं. बाकीच्यांना काय होतंय?"

"मिस्त्री, पुसून जात नाही. आणि माझ्या आधी कुणाला होतं का, हे तुम्हाला काय माहीत? मला आहे हे मला तरी कुठं माहीत होतं?"

"बघू," मिस्त्री म्हणाले. मिस्त्रींचं 'बघू' म्हणजे विषय संपला.

मंगळवारी तिच्या कपाला लाल रंगाचा ठिपका लागला. बरं, लावला कुणी हे विचारायची गरज नाही, कारण लाल रंग एकट्या पॉलिशवाल्याच्या खोलीत असायचा. तिचं स्टूल उचलून मागच्या दाराशी ठेवलं गेलं, तेव्हा मिस्त्रींनी पाठ फिरवली. जेवायला बसली तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस मावेल एवढी जागा मोकळी. गादीवाला, ज्यानं पंधरा वर्षं तिच्या डब्यातलं लोणचं हक्कानं पळवलं होतं, तो भिंतीकडं तोंड करून जेवला. नळाला हात लावला तर तिच्यामागून कुणीतरी नळावर साबणाचं पाणी ओतलं. तिनं स्टूल उचललं, परत आपल्या टेबलाशी आणून आपटलं आणि कामाला लागली. काम होतं एका मोठ्या वाचनालयाच्या दाराचं. सात फूट उंच, दोन फळ्यांवर उडत्या पाखरांचा थवा, आणि तो सगळा थवा तिनं स्वतः कागदावर काढलेला. इतकी वर्षं दुसऱ्यांची चित्रं कोरली होती. हे पहिलं तिचं स्वतःचं काम होतं.

बुधवारी चारला मात्र तिची सहनशक्ती संपली.

चहा झाला. ठिपक्याचा कप हातात घेऊन ती आपल्या टेबलाशी उभी होती. आणि तिच्या डोळ्यांदेखत मिस्त्रींनी चष्मा खाली केला, चौकटीतली सुई काढली आणि म्हणाले, "चला, कुणाचं काय?" पहिला आला एक सुतार. त्याच्या तर्जनीतून कुसळ निघालं, मागोमाग रक्ताचा थेंब. सुई ॲप्रनला पुसली. दुसरा आला पॉलिशवाला. तीच सुई. तिसरा गादीवाला डोळे मिटून, हात पुढं करून उभा.

"थांबा!" नक्षीबाई इतक्या जोरात ओरडली की काचेच्या खोलीतून मालक बाहेर आले. "अरे, शहाण्यांनो! माझा कप वेगळा केलात, स्टूल वेगळं केलंत, नळ धुतलात. जिथून रोग येऊच शकत नाही तिथं पहारा बसवलात आणि जिथून येतो तिथं रांग लावून उभे राहिलात! तीन आठवड्यांपूर्वी ही सुई माझ्या अंगठ्यात होती. त्यानंतर किती जणांच्या बोटात गेली, मोजा! वाळलेल्या रक्तातसुद्धा तो विषाणू आठवडाभर जगतो, आणि तुम्ही ॲप्रनला पुसताय!"

गादीवाल्यानं डोळे उघडले आणि हात खिशात घातला.

"सव्वीस वर्षं," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले, "एकाचंही बोट पिकलं नाही."

"बोट पिकत नाही, मिस्त्री. लिव्हर पिकतं. आणि तेही वीस वर्षांनी. तोवर कुणाला आठवतंय सुई कुणी टोचली ते!"

एवढं बोलून ती पुढं झाली, त्यांच्या बोटांतून सुई काढून घेतली, पक्कडीत धरून तिचे दोन तुकडे केले आणि रिकाम्या डब्यात टाकून वर झाकण लावलं. मिस्त्रींच्या हातातून कुणी काही काढून घेतलंय, हे त्या भिंतींनीसुद्धा पहिल्यांदाच पाहिलं असेल. मिस्त्री आपल्या रिकाम्या बोटांकडं बघत राहिले. नक्षीबाईला त्या क्षणी स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा आणखी राग आला.

मालकांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं. मालक तसे वाईट नव्हते, पण भित्र्या माणसाचा चांगुलपणा किती दिवस पुरणार? "बाई, तुम्ही मिस्त्रींचा अपमान केलात. माणसं घाबरली आहेत. मला कारखाना चालवायचाय. असं करू या, दार पूर्ण होईपर्यंत मागच्या शेडमध्ये बसून काम करा. दार झालं की मग बघू."

"म्हणजे माझी पाखरं चालतात, मी चालत नाही."

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. दार झाल्यावर नाही, आत्ताच सांगा. मी इथली आहे की नाही? शेडमध्ये मी बसणार नाही. ती लाकडं ठेवायची जागा आहे, आणि मी अजून लाकूड झालेली नाही."

मालकांनी रुमालानं कपाळ पुसलं. "शनिवारी सगळ्यांना विचारतो. बहुमतानं काय ते ठरवू. सगळे नको म्हणाले तर माझा नाइलाज आहे."

घरी नवरा म्हणाला, "सोड ना. दुसरीकडं मिळेल काम."

"दुसरीकडंही मला हाच रोग असेल. मग तिथूनही जाऊ? किती कारखाने सोडू? आणि मी केलंय काय? चोरी केली? कुणाचं मुंडकं उडवलं?" नवऱ्यानं उठून भांडी घासायला घेतली. त्याच्या परीनं तो तिच्या बाजूनं उभा राहिला होता, हे तिला कळलं.

गुरुवारी सकाळी पॉलिशवाला तिच्या टेबलाशी येऊन घुटमळला. चांगला उंचापुरा तरणा गडी, पण नजर जमिनीवर. "ताई, कपावरचा ठिपका मीच लावला होता."

"माहीत आहे. रंगही चांगला निवडला नाहीस. पुढं बोल."

"माझ्या बायकोला सातवा महिना आहे. मी त्या सुईनं किती वेळा... म्हणजे मला असेल तर तिला... आणि बाळाला?"

आता तिनं पटाशी खाली ठेवली. ओठांवर काय काय आलं होतं, पण त्याचा चेहरा बघून सगळं गिळलं. "आधी दोघं तपासून घ्या. तुम्हाला दोघांना नसेल तर उत्तमच, लस घ्या आणि मोकळे व्हा. आणि तिला असलं तरी घाबरायचं नाही. दवाखान्यात आधीच सांगून ठेवायचं. बाळ जन्मलं की चोवीस तासांच्या आत त्याला पहिली लस आणि सोबत आणखी एक इंजेक्शन, मग पुढचे डोस वेळच्या वेळी. बहुतेक बाळं वाचतात त्यातून. डॉक्टरीणबाईंनी मला स्वतः सांगितलंय. माझ्या वेळी हे कुणाला माहीत नव्हतं. तुझ्या वेळी माहीत आहे. तेव्हा गप बसून राहिलास तर तुझ्यासारखा मूर्ख तूच."

तो रडायलाच लागला. ही बाई त्याच्या खांद्यावर हात ठेवणार, तेवढ्यात तिला आठवलं की आपल्याला कुणी शिवत नाही. तिनं हात मागं घेतला. तर त्यानंच तो दोन्ही हातांत धरला.

त्या दुपारी तिनं दवाखान्यातल्या सिस्टरला फोन केला. पॉलिशवाल्यानं दोघा सुतारांना पटवलं, सुतारांनी गादीवाल्याला घाबरवलं, आणि गादीवाल्यानं मालकांना जाऊन सांगितलं की तपासणी नाही तर उद्यापासून कुणी येणार नाही. भीतीचे पाय भलतेच लांब असतात. मालक लगेच तयार झाले. शुक्रवारी सिस्टर आल्या, एकेकाला, पॉलिशवाल्याच्या बायकोलासुद्धा, काचेच्या खोलीत नेऊन रक्त घेतलं. जाताना सगळ्यांसमोर खणखणीत सांगितलं, "उद्या सकाळी दवाखान्यात या. ज्याचा निकाल त्यालाच मिळेल, बंद पाकिटात. आजार नसेल त्यांनी लशीचे तीन डोस घ्यायचे, उद्या एक, महिन्यानं एक, सहा महिन्यांनी एक, आणि तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं. आणि कुसळ काढायला ज्याची त्यानं सुई. दुसऱ्याचा वस्तरा नाही, दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश नाही. चहा मात्र खुशाल एकत्र प्या." मग त्यांनी नक्षीबाईचा ठिपक्याचा कप उचलला, किटलीतून चहा ओतला आणि उभ्या उभ्या प्यायल्या. बाई होती ती, वाघीण!

शनिवारी सकाळी एकेक जण उड्या मारत आला. "आपलं साफ!" सुतार साफ, गादीवाला साफ, पॉलिशवाला साफ आणि त्याची बायकोही. कुणीतरी शिट्टी वाजवली. नक्षीबाईलाही बरं वाटलं, अगदी मनापासून.

मिस्त्री तेवढे उशिरा आले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. नळाशी हात धूत असलेल्या नक्षीबाईजवळ येऊन उभे राहिले. बुधवारपासून तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"ती गोळी," ते दुसरीकडं बघत म्हणाले, "जन्मभर घ्यावी लागते का गं?"

"कुणासाठी विचारताय?"

"असंच. माझा एक मेहुणा आहे."

"मिस्त्री, तुम्हाला मेहुणा नाही."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. काही बोलायच्या आत ते वळून निघून गेले. तिच्या हातावर नळ वाहत राहिला.

तासाभरानं मालकांनी सगळ्यांना मध्यभागी गोळा केलं. गादीवाला सगळ्यात आधी बोलला, आणि सगळ्यात मोठ्यानं. "आम्ही सगळे साफ आहोत. देवानं वाचवलं. मग आता कशाला विषाची परीक्षा? बाईंचं आणि आमचं वैर नाही. पण त्यांनी दुसरीकडं बघावं."

"देवानं नाही, ताईंनी वाचवलं," पॉलिशवाला म्हणाला. "त्या बोलल्या नसत्या तर आज चार वाजता तुझं बोट पुन्हा सुईखाली असतं." पण त्याचा आवाज शेवटी शेवटी बारीक होत गेला. दोघं सुतार पायाच्या अंगठ्यांनी भुसा उकरत राहिले.

"मिस्त्री," मालक म्हणाले, "तुम्ही म्हणाल ते शेवटचं. तुमचं काय म्हणणं?"

मिस्त्री बुटांकडं बघत उभे होते. खिशावर हात होता, आणि त्या खिशात पाकिटाचा कोपरा वर आलेला नक्षीबाईला स्पष्ट दिसत होता. एक वाक्य. 'मिस्त्रींच्या खिशात काय आहे ते विचारा.' एवढं म्हटलं की बाजी पलटली असती. वाक्य जिभेच्या शेंड्यावर येऊन बसलं होतं आणि ते म्हणायला तिचं सगळं अंग पेटलं होतं. पंधरा वर्षांचं 'तू आमची' कुठं गेलं, म्हातारबा? तोंडातून एक शब्द फुटत नाही? पण तिचा कागद तिलाही बंद पाकिटातच मिळाला होता, आणि तो उघडायचा की नाही ते तिनं स्वतः ठरवलं होतं. दुसऱ्याचं पाकीट फाडायचा हक्क तिला कुणी दिला नव्हता. तिनं ते वाक्य गिळलं. फार कडू लागलं.

"माझं म्हणणं मीच सांगते," ती म्हणाली. "बहुमत घ्या नाहीतर चिठ्ठ्या टाका. मी जाणार नाही. सोमवारी आठला माझ्या टेबलाशी मी उभी असेन. उचलून बाहेर टाकायचं असेल तर टाका, फक्त एवढं लक्षात ठेवा, हात लावल्यानं रोग होत नाही. तेव्हा घाबरायचं कारण नाही. पकडा."

कुणी पुढं आलं नाही. गादीवाला तर एक पाऊल मागं सरकला. आणि तेव्हा मिस्त्रींनी खिशातलं पाकीट बाहेर काढलं.

"मला आहे," ते म्हणाले. "हिला आहे तेच. बरीच वर्षं आहे म्हणतात. लिव्हर तपासायला सांगितलंय." त्यांचा आवाज हलका होता. "सुई माझी होती. कुणाचं बोट कधी पिकलं नाही म्हणून मी... तुम्ही वाचलात ते नशिबानं. माझ्या हातानं नाही."

मालकांचा रुमाल कपाळापर्यंत पोचलाच नाही. गादीवाल्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"का?" नक्षीबाई सगळ्यांवर गरजली. "आता का दातखीळ बसली? माझ्या वेळी तर दुसऱ्याच दिवशी स्टूल उचललं होतं! बोला ना, मालक! मिस्त्रींना कुठल्या शेडमध्ये बसवताय? गादीवाले, यांच्या कपाला कुठला रंग लावू या? की मिस्त्रींचं रक्त वेगळं आणि माझं वेगळं?"

मालकांनी घसा साफ केला. "मिस्त्री कसे जातील? मिस्त्रींशिवाय कारखाना..."

"नाही जाणार. आणि मीही नाही जाणार. झालं बहुमत."

मग पॉलिशवाल्यानं आपली खोली उघडली, एका सुतारानं रंधा उचलला, आणि एकेक करून सगळे आपापल्या जागी गेले. गादीवाला जाता जाता तिच्यापाशी थांबला, काहीतरी पुटपुटला. "मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "चुकलं," तो मोठ्यानं म्हणाला आणि कापसात जाऊन लपला. मालक काचेच्या खोलीत गेले आणि आतून दार लावून बसले.

मिस्त्री मात्र आपल्या टेबलाशी जाऊन हत्यारं पेटीत भरायला लागले. एकेक पुसून, ओळीनं, सावकाश. नक्षीबाई तिथं जाऊन उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"जातो मी. कुठल्या तोंडानं राहू? तुला माझ्याकडून झालं असेल पोरी. त्या पहिल्या दिवशीच, कोण जाणे."

"नाहीतर आईकडून. नाहीतर माझं तुम्हाला. डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी, कधीच कळणार नाही म्हणाल्या. कळलं तरी करणार काय आहोत?"

त्यांनी वर पाहिलं. डोळे भरले होते. "तुला राग नाही आला माझा?"

"नाही कसा? एवढा आलाय की मावत नाही!" तिचाही आवाज फाटला. "मघाशी मला एकटीला उभं ठेवलंत त्याचा आलाय. मंगळवारी माझं स्टूल उचललं तेव्हा पाठ फिरवलीत त्याचा त्याहून जास्त आलाय. वर्षभर तरी उतरायचा नाही. आणि तुम्ही निघून गेलात तर तो मी काढायचा कुणावर? त्या गादीवाल्यावर? तो दोन दिवसांत मरेल." तिनं त्यांच्या हातातली पटाशी घेतली आणि टेबलावर आपटली. "सोमवारी सकाळी लिव्हरच्या तपासणीला मी नेणार तुम्हाला. रोजची संध्याकाळची ती घोटभर दारू आजपासून बंद. गोळी लागली तर माझ्यासमोर गिळायची. जाताना भांडणार, येताना भांडणार. आणि आठऐवजी दहापर्यंत दोघंही इथं कामावर हजर. कळलं?"

मिस्त्रींनी पेटीतली हत्यारं पुन्हा टेबलावर काढली. मग "हूं" म्हणाले.